शेवटच्या अक्षरावरची रेघ

अण्णांच्या सहीतला ग उघडा राहिला होता. राजकन्याने फॉर्म हातात घेतला, सवयीप्रमाणे नजर सहीच्या डोक्यावरून डावीकडून उजवीकडे नेली आणि ती ग च्या अलीकडे अडकली. भु वरून निघालेली रेघ थोडी थरथरत जं पर्यंत आली होती, आणि तिथं संपली होती. पुढचा ग डोक्यावर काही न घेता तसाच उभा. शिक्का उचललेला हात तिने सावकाश खाली ठेवला. काचेच्या पलीकडे तिचे वडील, भुजंग गुरुजी, वय वर्षं शहाऐंशी, कडक इस्त्रीचं धोतर, टोपी आणि खिशाला पेन अशा थाटात, पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या हुशार पोरासारखे उभे होते. दुपारचे बारा वाजायला आले होते. नांदेडच्या त्या बँकेत नोव्हेंबरची गर्दी होती, बाकडी भरली होती, आणि वरचा पंखा एका लयीत कुरकुरत होता.

पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने नोव्हेंबरमध्ये बँकेत यायचं आणि आपण अजून जिवंत आहोत असं सही करून सांगायचं, ही सरकारची रीत. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. बावीस वर्षं या खिडकीवर बसून राजकन्याने हे दाखले घेतले. काम सोपं, जुनी सही आणि नवी सही शेजारी धरायची, जुळली की शिक्का. बाकीचे कारकून जुळतं का तेवढं बघत. राजकन्या सही वाचत असे. तिसऱ्या का चौथ्या वर्षी देगलूरचे चन्नबसप्पा नावाचे निवृत्त पोस्टमन आले होते. त्यांनी सही केली आणि शेवटच्या प्पा वर रेघ ओढायची राहिली. ती सहज म्हणाली, काका, रेघ राहिली की. ते हसून म्हणाले, राहू दे बाई, समजतंय की. पुढच्या नोव्हेंबरला त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला, तेव्हा तिला तो उघडा प्पा आठवला. आठवला म्हणून तिने जुनी कपाटं काढली. जे जे गेले होते त्यांचे शेवटचे फॉर्म तीन दुपारी बसून पाहिले, जेवणाचा डबा तसाच परत नेला. अक्षरं कुणाची कशी, कुणाची कशी, पण रेघ एकजात शेवटच्या अक्षराच्या अलीकडे थांबलेली. जणू हाताला आधीच कळलं होतं की एवढ्या लांब जायचं कारण नाही.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाची सही बघून तो वर्षभरात जाईल म्हणायला काय मोठी अक्कल लागते. राजकन्यासमोर हे म्हणायची सोय नव्हती. तिने लगेच रामकिशनचं नाव काढलं असतं. सदुसष्ट वर्षांचा धडधाकट गडी, मोटारसायकलवरून यायचा, दोन दोन पायऱ्या एकदम चढायचा. शेवटचा न उघडा सोडून गेला आणि जानेवारीत गेला. आणि बसम्मा? तिची सगळी अक्षरं उतारावरून घरंगळणाऱ्या गोट्यांसारखी, डोळ्याला दिसत नाही, सही करताना पेन कागदाच्या बाहेर जातं; पण रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसम्मा एक्याण्णव वर्षांची आहे आणि परवाच येऊन पंखा हळू करा म्हणून भांडून गेली. डॉक्टरला मशीन लागतं, ज्योतिषाला पंचांग लागतं, राजकन्याला नुसता कागद पुरत असे. त्याचा तिला गर्व होता, आणि तो लपवायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. मॅनेजर आले नि गेले, प्रमोशनं दुसऱ्यांना मिळाली, तिला त्याचं फारसं वाटलं नाही. पूर्ण नांदेड शहरात कुणालाही वाचता न येणारी गोष्ट आपल्याला वाचता येते, हे माहीत असलं की खुर्ची लाकडी आहे की फिरती, याने काही बिघडत नाही.

फक्त गुणाबाईचं प्रकरण तिच्या घशात काट्यासारखं राहिलं होतं. नायगावची गुणाबाई, नवऱ्यामागची पेन्शन घेणारी, हसरी, दर वर्षी पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढून खिडकीत ठेवणारी. तिचा ई उघडा राहिला त्या दिवशी राजकन्याला राहवलं नाही. सोबत आलेल्या सुनेला, उज्वलाला, बाजूला घेऊन ती म्हणाली, यंदा सासूबाईंना जपा. उज्वला चतुर होती, तिने खोदून खोदून विचारलं, आणि राजकन्याने सांगितलं. त्यात काळजी किती होती आणि आपल्याला कळतं हे कुणाला तरी कळावं ही हौस किती होती, याचा निवाडा तिने अजून केला नव्हता. सुनेने घरी जाऊन सांगितलं. गुणाबाईने जेवण कमी केलं, मग अंथरूण धरलं, आणि फेब्रुवारीत गेली. ती सहीप्रमाणे गेली की ऐकून गेली? हा प्रश्न कधी भाजी निवडताना, कधी रिक्षात, असा अवेळी समोर येऊन बसे आणि राजकन्या त्याला उठवून लावी. त्यानंतर तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. पण बातमी बाकड्यांवर पोचायची ती पोचलीच. काही म्हातारे दुसऱ्या खिडकीला जाऊ लागले. काही तिच्याच खिडकीला येऊन, जीभ बाहेर काढून, सहीवर अशी लांबच लांब रेघ ओढत की ती तारखेच्या चौकटीत घुसे. रेल्वेचे रूळ नुसते! राजकन्याला हसू येई. ओढूनताणून नेलेली रेघ आणि हाताने आपणहून नेलेली रेघ, यांतला फरक तिला कळत नाही असं त्या बिचाऱ्यांना वाटत होतं.

आणि आता अण्णा. दाखल्यावरची अण्णांची सही तिने आजवर पाहिली नव्हती. घरचं माणूस आपल्या खिडकीवर घ्यायचं नाही असा तिचा नियम होता; अण्णा निवृत्त झाले तेव्हापासून त्यांचं खातं याच बँकेत, चाकूरला भावाकडे राहायला गेले तरी त्यांनी ते हलवलं नाही, पण दर नोव्हेंबरला ती त्यांना शेजारच्या खिडकीवर पाठवी आणि त्यांचा फॉर्म गठ्ठ्यात गेला की त्या गठ्ठ्याकडे पाठ करून बसे. सगळे म्हणत, बाई किती सरळ. सरळपणा होता की भीती होती? बाहेरून नियम बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. यंदा मात्र अण्णा ऐकेनात. सकाळी भाऊ बालाजीचा फोन आला होता, “आक्का, अण्णा पहाटंच्या गाडीनं निघाले बघ. मी संगं येतो म्हणालो तर काठी उगारली. म्हणले, लेकीची शेवटची हयात हाय, मी तिच्याच खिडकीवर दस्तखत करणार.” ती मार्चमध्ये निवृत्त होणार होती. शेवटची हयात तिची, असं अण्णांना म्हणायचं होतं.

त्यांनीच तिला अक्षर दिलं होतं. इस्लापूरच्या शाळेत अण्णांची बदली झाली तेव्हा ती पाचेक वर्षांची असेल. शाळा म्हणजे एक खोली आणि एक चिंच, पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज लांबून ऐकू येई असं तिला वाटे, खरं तर इतक्या लांबून येत नसेलही. चौथीपर्यंतची सगळी पोरं एकत्र बसत आणि अण्णा हातात छडी न घेता त्यांच्यामधून फिरत. अण्णांचे वडील आयुष्यभर अंगठा देत आले. तलाठ्यासमोर, सावकारासमोर, कोर्टात, जिथं गेले तिथं निळा अंगठा. त्या अंगठ्याची लाज अण्णांच्या हाडात मुरली होती, म्हणून पाटीवरच्या अक्षराबाबत ते फार कडक. अक्षरं आधी लिहायची, मग वरून एका दमात रेघ, आणि ती रेघ शेवटच्या अक्षराच्या किंचित पुढे जाऊन थांबली पाहिजे. रेघ राहिली की अण्णा पाटी उचलून वर्गाला दाखवत आणि म्हणत, बघा रे, ह्याचं पोरगं उघडं-बोडकं बाजारात निघालं. वर्ग हसे. एकदा ही पाटी राजकन्याची होती. गुरुजींची मुलगी म्हणून पोरं जरा जास्तच हसली. तिने रडत रडत पाटीभर आपलं नाव लिहिलं आणि एकेका नावावर रेघ ओढली, आणि अण्णांनी ती पाटी दोन दिवस पुसू दिली नाही, येईल त्याला दाखवली. तेव्हापासून ती कुणाचंही लिहिलेलं आधी डोक्याकडून वाचू लागली. म्हणजे आज काचेच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसानेच तिला हा डोळा दिला होता, आणि त्याच डोळ्याने ती त्याच्याकडे बघत होती.

“अण्णा,” ती म्हणाली. “सही जुळत नाही.”

अण्णांनी कान पुढे केला. “काय न्हाई?”

“जुळत नाही. जुन्या सहीशी. दुसरा फॉर्म देते, परत करा.”

तिने नवा फॉर्म काचेखालून सरकवला. मनात एक हिशेब झपाट्याने मांडला गेला होता आणि तिला त्याची लाज वाटायलाही वेळ नव्हता. हात दमला असेल, पहाटेपासून एस.टी.त बसलेत, चाकूर, अहमदपूर, लोहा, हाडं खिळखिळी झाली असतील, चहा झाला नसेल. दुसऱ्यांदा रेघ जाईल. गेली की पहिला फॉर्म फाडायचा, आणि जे फाडलं ते कुणी लिहिलंच नव्हतं. बावीस वर्षांत जिने एक टाचणी इकडची तिकडे केली नव्हती ती बाई हा विचार करत होती, आणि तिला तो विचार अगदी रास्त वाटत होता.

अण्णांनी नव्या फॉर्मला हात लावला नाही. “मी अडतीस वर्षं दाखल्यावर दस्तखत केली,” ते म्हणाले. “शाळा सोडल्याचे, पास झाल्याचे. ह्या दस्तखतीवर पोरं तलाठी झाले, फौजदार झाले. परत कर म्हणून मला कुणी म्हणलं न्हाई. कलेक्टरनं म्हणलं न्हाई.”

“नियम आहे, अण्णा.”

“गलत बोलून राहिलीस बाई तू.”

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची पुनम उठून आली. पुनम वर्षापूर्वी लागलेली अधिकारी, लातूरची, चपळ आणि गोड बोलणारी. म्हाताऱ्यांना ती आवडे. “मॅडम, सहीचं कशाला टेन्शन? फोटोवर करून टाकू,” ती म्हणाली आणि मोबाईल अण्णांच्या तोंडासमोर धरू लागली. “आजोबा, फक्त डोळे मिचकवा. दोन सेकंदांत हयात. पुढच्या वर्षीपासून तर आपल्याकडं हेच राहणार आहे, कागद बंद.” राजकन्याच्या मनात केवढी आशा उठली! हो, फोटो. फोनला काय कळतं? डोळे मिचकावले की माणूस जिवंत, त्यापुढचं त्याला वाचता येत नाही. अडाणी यंत्र, देवासारखं आलं. पण अण्णांनी मोबाईल बोटाने हळूच बाजूला केला, कुणाचा अपमान न करता, वर्गात पोरीने चुकीचं उत्तर दिल्यावर करतात तसा. “माझ्या बापाला अंगठा धरून जिवंत दाखवायचे माय,” ते पुनमला म्हणाले. “आता डोळे मिचकवून? मला लिहिता येतं. पोरगी बी वाचायला बसलेली हाय. तू जा, तुझं काम कर.”

पुनम गेली. बाकड्यावरचे सगळे आता उघडपणे बघत होते. राजकन्याने मान खाली घातली. फॉर्म समोर होता, त्यावर तो ग. पेन तिच्याच हातात होतं, काळ्याच शाईचं, अण्णांच्या पेनासारखंच. जं च्या डोक्यावर जिथं रेघ तुटली होती तिथून पुढे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर होतं. तिने हाताखाली फॉर्म ओढला, डाव्या हाताचा आडोसा केला. या अक्षराचं वळण तिच्या हाडात होतं, तिचा स्वतःचा ज, तिची रेघ, सगळं त्यांच्यावरूनच आलेलं. ती करेल ती रेघ जगातला कुठलाही तज्ज्ञ ओळखू शकला नसता. एक दाणाभर शाई. गुणाबाईला काही न सांगता हे केलं असतं तर? चन्नबसप्पांना? कुणाकुणाच्या नावावर ती दाणाभर शाई घालू शकली असती, आणि तिने नुसतं वाचलं, वाचून मान डोलावली, आपलं बरोबर आलं म्हणून मनात खूण केली. माणसं मरत होती आणि आपण मार्क मिळवत होतो. हे तिला इतकं लख्ख दिसलं की पेनाचं टोक कागदाला लागायच्या आत थांबलं.

“तिथं हात लावायचा न्हाई.”

अण्णा काचेला नाक लावून आत बघत होते. आवाज मोठा नव्हता. तो आवाज तिने पन्नास वर्षांपूर्वी ऐकला होता, परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीत बघणाऱ्या पोरासाठी असायचा तो.

“अण्णा, राहिलीय ती. तुमचा हात थकला म्हणून राहिली.”

“मला ठाव हाय राहिली ते. दिसतंय की मला. मी ओढाया गेलो, हात म्हणला बस.” त्यांनी काठीने मागच्या बाकड्यांकडे खूण केली. “हे सारे बाहीरं बसून काय बोलून राहिलेत ते मी सकाळपासून ऐकलो. एकजण मला म्हणला, गुरुजी, रेघ लांब वढा, तुमची लेक रेघेवरून माणूस जोखती. म्हणलं, मग तर बिल्कुल न्हाई वढणार. माझ्या हाताला जिथवर जायचं तिथवर जाईल तो. लेकीला फसवायला मी चाकूरहून आलो व्हय?”

राजकन्याने पेन खाली ठेवलं. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं बसत होतं, विरत होतं, परत बसत होतं.

“आता वाच,” अण्णा म्हणाले.

“नको, अण्णा.”

“वाच म्हणलो ना.”

“मी एकदा वाचून दाखवलं होतं. एका बाईला. ती त्यानंच गेली असं वाटतं मला.” हे वाक्य तिने आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि आता ते पंख्याच्या कुरकुरीत, पंधरा-वीस लोकांसमोर, काचेच्या भोकातून बाहेर पडलं होतं.

अण्णांनी मान हलवली. “ती भ्याली असंल. तिला कुणी शिकिवलं नसंल बिचारीला, लिहिलेल्याला भ्यायचं नसतं म्हणून. मी भीत न्हाई. वाच, आणि मोठ्यानं वाच. मागच्या बाकावरच्याला ऐकू गेलं पाहिजे.”

ती उभी राहिली. का उभी राहिली हे तिला कळलं नाही. इस्लापूरला वाचायला सांगितलं की उभं राहायची सवय होती, ती पायात राहिली असावी. साठीला आलेली, चष्मा लावलेली, गुडघे दुखणारी बाई दोन्ही हातांत फॉर्म धरून उभी राहिली आणि तिने नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, शाळेचं नाव वाचलं, आज रोजी हयात असून माझ्यासमक्ष सही केली हे छापील वाक्य वाचलं. मग तिचा आवाज फुटला. तरी ती थांबली नाही. “पुढच्या नोव्हेंबरला,” ती म्हणाली, “हे येणार नाहीत.”

बाकड्यावर कुणीतरी ओठातल्या ओठात अरे देवा म्हणालं. राजकन्या वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. गुणाबाईच्या तोंडाचं काय झालं असेल ते तिने शंभरदा मनात पाहिलं होतं, आणि तेच आता इथं होईल, गाल खाली येतील, डोळे विझतील, याची ती वाट बघत होती. अण्णांचं तोंड उजळलं. खोटं नाही, उजळलं. ते वळले, काठी टेकली, आणि सगळ्या खोलीला उद्देशून, जणू समोर इन्स्पेक्टर साहेब तपासणीला बसलेत, म्हणाले, “ऐकले का? ही माझी लेक. बापाचं तोंड पाहून वाचली न्हाई. जे लिहिलेलं हाय ते वाचली. आमच्या घरात माझ्या बापापर्यंत अंगठा व्हता.” ते परत खिडकीकडे वळले आणि बोटाने फॉर्मवर टकटक करून म्हणाले, “मार शिक्का.”

तिने शिक्का मारला. माझ्यासमक्षच्या खाली आपली सही केली. हात हलला नाही. हलला असता तर अण्णांना दिसलं असतं. रडू तर येतच होतं, डोळ्यांतून थेट गालावर येत होतं, ते तिने पुसलं नाही. बावीस वर्षांचा गर्व छातीत अजून होताच, गेला नव्हता, उलट आजच्याइतका तो कधी वर आला नव्हता. सगळ्यांसमोर अण्णा ही माझी लेक म्हणाले होते. आणि त्याच छातीत, त्याच जागी, आपण आयुष्यात एकदा तरी सपशेल नापास व्हावं, सगळी कपाटं खोटी निघावीत, बावीस वर्षांचं वाचन पाण्यात जावं, अशी तळमळ उठली होती. दोन्ही एकाच वेळी कसं मावतं याचं तिला नवल वाटलं.

अण्णांनी पोचपावती घडी करून खिशात घातली. काठी सावरली. मग काहीतरी विसरल्यासारखे परत वाकले आणि भोकाशी तोंड आणून, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “आणि हे बघ बाई. वाचायला चुकली असलीस, तर पुढच्या नोव्हेंबरला तू जिथं असशील तिथं येऊन चारचौघांत कान पिळीन. म्हातारी झाली म्हणून सोडणार न्हाई.”

राजकन्याने काचेखालून हात बाहेर घातला आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं. मागून कुणीतरी रांग खोळंबली म्हणून ओरडत होतं. “या, अण्णा,” ती म्हणाली. “पिळा. पण याच.”